दीड तास वर, तेरा तास खाली

जालन्याजवळ आमची बस चहाला थांबली, तेव्हा डोक्यावरून एक विमान नागपूरकडं गेलं. पुणे ते नागपूर विमानानं दीड तास, रस्त्यानं तेरा. वरचे लोक पोचून घरी जेवायलाही बसतील, आणि खाली आमचा ड्रायव्हर अजून गरम भज्यांची वाट बघत होता. आमच्या घरात विमानात कुणीच बसलेलं नाही. त्यात सूचना देणाऱ्या बाईचा आवाज मात्र मी मोबाइलवर ऐकून हुबेहूब काढतो.

नागपूरच्या दवाखान्यातून आईचा फोन आला. "कुठं पोचला रे?"

"मेहकर गेलं मागं," मी म्हणालो. आमच्याकडं सगळे पुढचंच गाव सांगतात, ऐकणाऱ्याला तेवढाच धीर.

"बाबांच्या कानाला लावते. बोल काहीतरी."

मी त्या बाईचा आवाज काढला. "थोड्याच वेळात आपण नागपूरला पोचत आहोत. कृपया जागा सोडून कुठंही जाऊ नका." या नकलेला बाबा नेहमी खो खो हसायचे. आता फोनमधून नुसती घरघर येत होती.

"हसले का?" मी आईला विचारलं.

"हो, हसले ना."

आईसुद्धा पुढचंच गाव सांगत होती.