मागे किती आहेत

युद्ध संपलं आणि लष्कराने मोडीत काढलेल्या मोटारसायकली आमच्या शहापुरात येऊ लागल्या. बघता बघता पाच झाल्या. एका गावात पाच यंत्रं जमली की त्यांना अध्यक्ष लागतो. आमचा अध्यक्ष जंगलाचा ठेकेदार होता. गळ्यात शिट्टी अडकवली की माणूस सेनापती होतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

हिवाळ्यात दर रविवारी आम्ही रांगेने मुरबाडला जायचो. निघण्याआधी त्याच्या अंगणात तपासणी व्हायची. ब्रेक, साखळी, चाकातली हवा यांची नव्हे. खाकी शर्टाच्या बटणांची. नियम चौदा होते आणि त्यातले नऊ अध्यक्षाशी कसं वागावं याविषयी होते. रांग मानाप्रमाणे लागायची, लग्नाच्या पंगतीसारखी: ठेकेदार, त्याचा मेहुणा, वकील, मग मी शाळामास्तर, आणि शेवटी दवाखान्यातला कंपाउंडर. त्याला मोटारसायकल मीच शिकवली होती, जेमतेम महिन्यापूर्वी, आणि या टोळीतही मीच आणलं होतं. त्याच्या बायकोने मला बजावलं होतं, "भावजी, ह्यांना एकटं मागं टाकू नका."

म्हणून मी ठेकेदाराला म्हटलं, "नवा माणूस दुसरा ठेवा. तुमच्या चालीने येईल."

"कंपाउंडर वकिलाच्या पुढे? मास्तर, उद्या शिपायाला मामलेदाराच्या खुर्चीत बसवाल."

मेहुणा हसला. वकील हसला नाही, पण पुढची जागा त्याने सोडलीही नाही.

त्या रस्त्यावर खरा धोका बैलांचा. मुरबाडकडून गवताच्या गाड्या यायच्या. फटफट ऐकली की गाडीवान खाली उतरून, बैल बुजू नयेत म्हणून त्यांच्या वेसणी धरायचा आणि मोटारसायकल पुढे गेली की सोडायचा. एकट्या माणसाला एवढं पुरतं. रांग असली तर पहिल्याने मागे किती आहेत ते बोटांनी दाखवावं, असं मी सुचवलं होतं. ठेकेदार म्हणाला, "गाडीवानाला मी हात करायचा?" आणि तिसरा नियम वाचून दाखवला: दोन्ही हात हँडलवर.

एका रविवारी किन्हवलीच्या पुढे एका वळणावर गवताची गाडी आली. म्हातारा गाडीवान वेसणी धरून उभा होता. आम्ही चौघे गेलो. कंपाउंडर धुळीमुळे बराच मागे राहिला होता. गाडीवानाने माझ्या मागे धुळीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात हँडलवर होते.

थोड्याच वेळात मागचा आवाज एकदम थांबला.

परत आलो तेव्हा बैलगाडी चरात कलंडली होती आणि कंपाउंडर करवंदीच्या जाळीत पडला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

"पाचवा हाय ते सांगाया काय झालं व्हतं रे?" म्हातारा म्हणाला. "चार गेले, मी वेसण सोडली. बोटं नायत का तुमाला?"

"बैल आवरत नाहीत तर रस्त्यावर आणतोस कशाला?" ठेकेदार म्हणाला. मग त्याने घड्याळ पाहिलं. मुरबाडला कुणी साहेब आमची सलामी घेणार होता. "मास्तर, तुम्ही इथलं बघा." तिघे निघून गेले, क्रम न मोडता.

म्हाताऱ्याने आणि मी गाडी उभी केली. न सांगता त्याने अर्धं गवत रस्त्याकडेला टाकलं आणि कंपाउंडरला वर निजवलं. माझी मोटारसायकल तिथेच सोडून मी बैलांबरोबर चालत शहापूरला परतलो.

दारात कंपाउंडरच्या बायकोने आधी पाय पाहिला. म्हातारा तिला म्हणाला, "बाय, चौथा गेला, मला वाटलं संपले. त्यानी बोट दाखवलं असतं तं मी सोडली नसती."

ती माझ्याकडे वळली. "चौथा कोण व्हता?"

ठेकेदाराविषयी बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण तिने पहिल्याविषयी विचारलं नव्हतं.

"मी," म्हणालो.