दिवा लागल्यावरचं विरजण

"वाटी उघडी धरायची गे. पदराखाली झाकली तर चोरी वाटते."

तमिळ मुलखातल्या कुंभकोणच्या आमच्या मराठी गल्लीत नवी सून आली की साऱ्यांच्या थोरल्या आत्याबाई दारात हजर, आणि हे वाक्य ठरलेलं. सुनेच्या हातात रिकामी वाटी देऊन तिला मागच्या विणकरांच्या गल्लीत धाडायच्या. कशाला? तर विरजण मागायला! घरात दह्याचं मडकं भरलेलं का असेना.

माझ्यावरही ती पाळी आली. "आपल्याकडे आहे की दही," मी पुटपुटले.

"द्यायला काय, कुणीही देतं," आत्याबाई म्हणाल्या. "मागायला छाती लागते. जा, मागून आण."

गेले बाई. माझ्या मोडक्या तमिळला तिथल्या बायका पोट धरून हसल्या, आणि विरजणाबरोबर मूठभर कढीपत्ताही दिला. चार दिवसांनी त्यांतलीच एक आमच्या दारात वाटी घेऊन उभी!

तुम्ही म्हणाल, म्हातारीचं खूळ. आम्हीही तेच म्हणायचो, पाठीमागे 'विरजणबाई' म्हणून खिदळायचो. मग एकदा सासूबाईंनी मूळ गोष्ट सांगितली.

फार वर्षांपूर्वी विणकरांच्या गल्लीतली एक तरुण बाई, तिला सगळे अक्का म्हणत, दिवेलागणीला आत्याबाईंकडे विरजण मागायला आली. दिवा लागल्यावर दही घराबाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, हे तुम्हांआम्हांला ठाऊकच. "दिवा लागला गे, उद्या ये," आत्याबाई म्हणाल्या. अक्का पायरी उतरते तोच शेजारची आपली मराठी बाई वाटी घेऊन आली, आणि आत्याबाईंनी तिला पळीभर दही दिलं. अक्काने वळून ते पाहिलं.

त्या गोकुळाष्टमीला विणकरांनी आमच्या विठ्ठलाची पालखी अडवली. काठ्या निघाल्या, डोकी फुटली, कलेक्टरचे शिपाई गल्लीच्या तोंडाशी येऊन बसले. पुरुष म्हणत, वाजंत्रीवरून झालं. आत्याबाई म्हणत, "माझ्या पळीवरून झालं."

तेव्हापासून त्या स्वतः वाटी घेऊन विणकरांच्या दारोदार फिरल्या. आधी दारं लागली, मग एकेक उघडलं. पुढे सुनांना धाडायला लागल्या. पालखी पुन्हा त्या गल्लीतून जाऊ लागली, विणकर बायका तिला ओवाळू लागल्या. एकट्या अक्काने ना कधी दिलं, ना मागितलं. आत्याबाई रोज सकाळी तिच्या पायरीशी उभ्या राहायच्या. ती रेशीम उकलत बसायची, मान वर करायची नाही.

"आजही बोलली नाही ना?" मी चिडवायची.

"बोलेल. दूध काय घटकेत विरजतं?" त्या म्हणायच्या. पण डोळे भरलेले असायचे, आणि मला मेलीला तेव्हाही हसूच यायचं.

आत्याबाई गेल्या त्या दिवशी संध्याकाळी आम्ही साऱ्या त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आत, त्यांना निजवलं होतं त्या जागी, नाचियारकोविल गावची पितळी समई लावली होती. एवढ्यात अक्का आली. केस पांढरे, कंबर वाकलेली. हातात रिकामी वाटी, उघडी.

"तिच्या घरचं विरजण द्या," ती तमिळमध्ये म्हणाली.

घराला सुतक, तिथे दही कुठलं असणार? पण आत्याबाईंच्या दह्याचं विरजण आम्हां प्रत्येकीच्या घरी होतं. माझ्या शिंक्यावर मडकं भरलेलं होतं. आम्ही एकमेकींची तोंडं पाहिली. मग सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या, "अक्का, दिवा लागला हो. सकाळी पाठवते."

अक्काने समईकडे पाहिलं, मान हलवली आणि पायरी उतरली. कुणीच उठलं नाही. मीही नाही.

उजाडायच्या आत मी वाटी भरून धावत गेले. दार उघडंच होतं. अक्का चुलीपाशी बसली होती, पुढ्यात दुधाचं पातेलं.

"रात्रीच नासलं," ती म्हणाली, आणि मान खाली घालून रेशीम उकलायला लागली.

मी तशीच परत फिरले. गल्लीत बायका पाणी भरत होत्या. मी ती भरलेली वाटी पदराखाली झाकून घेतली.