तिसऱ्या नकोनंतर

डब्लिनमधला मराठी मुलगा म्हटलं की तुम्ही त्याच्या मांडीवर लॅपटॉप ठेवलाच असेल. ठेवलात ना? उचला. इथल्या ओंगार उपनगरातल्या मराठी गणपतीतही एका काकांनी विचारलं, "कुठली कंपनी?"

"सरकारी हॉस्पिटल."

"अरे वा, डॉक्टर!"

"नाही, सोशल वर्कर. रजिस्टर्ड."

काकांनी पाठीवर असा हात ठेवला, जसा काही मी नापास झालोय. त्या काकांची नक्कल मी आजही करतो, हातासकट. पण ओळखपत्र गळ्यात पडलं त्या दिवशी मी लिफ्टच्या आरशात स्वतःलाच बघत बसलो आणि मजला चुकलो. खोटं कशाला बोलू?

थोड्याच दिवसांत वॉर्डात एक आयरिश आजी आल्या. ल्यूकनमध्ये एकट्या राहणाऱ्या, खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांना घरी जायचं होतं, बस्स. पण सकाळी अंघोळीला मदतनीस बाई येणार असेल तरच सोडता येणार होतं, नाहीतर नर्सिंग होम. आणि आजींनी मदतीला चक्क नाही म्हटलेलं. विचारणारी थेरपिस्ट पोलंडची, नर्स केरळची, मी बार्शीचा. पेशंट नाही म्हणाला की विषय संपला, हे घोकूनच आम्ही पास झालेलो.

दुपारी त्यांची शेजारीण बिस्किटं घेऊन आली.

"घे गं."

"छे, नको."

"घे की एक."

"अगं नको, मी ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथल्या भाषेत 'माझं बरं चाललंय'.

"घे म्हणते ना!"

आजींनी दोन उचलली.

मी दारातच थांबलो. ही तर माझी मावशी! पंगतीत जिलबी आली की ताटावर आडवा हात धरून "नको, नको" म्हणणारी, आणि वाढपी खरंच पुढे गेला तर वर्षभर फुगून बसणारी.

शेजारीण गेल्यावर मी वाढप्याच्या थाटात खुर्ची ओढली. "सकाळी मदतीला बाई पाठवू?"

"नको रे, उगाच कुणाला त्रास."

"त्रास कसला, तिचं कामच ते."

"मी ग्रँड आहे."

"तासभर फक्त. तुम्हाला घरी न्यायचंय."

आजींनी पांघरूण सारखं केलं. "बरं बाबा, एवढं म्हणतोस तर."

"माझ्यासाठी हो म्हणू नका हं. मनापासून ना?"

"मनापासून. मला माझी घरातली खुर्ची हवीय."

मीटिंगमध्ये आमच्या मोठ्या मॅडमनी विचारलं, "हे कुठल्या कोर्सला शिकलास?" म्हटलं, "जिलबीच्या." कुणाला कळलं नाही, पण मी मात्र दिवसभर कॉलर ताठ करून फिरलो.

आजी घरी गेल्यावर मी एकदा बघायला गेलो. वॉकर धरून त्यांनी स्वतः दार उघडलं. केस विंचरलेले, खुर्ची खिडकीशी. माझीच छाती फुगली.

"चहा घेणार?"

"घेईन की!"

आजी जागच्या जागी थांबल्या. "पहिल्यांदा विचारलं की लगेच हो? आईनं काही वळण लावलंय की नाही तुला? मला आग्रह करकरून बाई गळ्यात बांधलीस, आणि स्वतःला एक नकोसुद्धा म्हणता येत नाही? जा, आता तूच ठेव चहा!"