देवस्थळी काका आणि कापडी कुंड्या

देवस्थळी काकांना प्लॅस्टिकची कोणतीही वस्तू सरळ बघवत नसे. ते ती आधी उलटी करत. पाण्याचा पेला, मुलांचं खेळणं, लग्नातली ताटली, दुसऱ्याच्या घरची कचऱ्याची बादली. साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक जिथून शिरतं, तिथे वस्तूवर एक बारीक ठिपका राहतो. तो सापडला की काकांचं समाधान होई. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो डेट्रॉइटजवळच्या आमच्या उपनगरात, मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात. मी खुर्चीवर बसणार एवढ्यात मागून आवाज आला, "एक मिनिट, बसू नका." त्यांनी खुर्ची उचलली, उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून खालून पाहिली आणि पुन्हा जागेवर ठेवली. "बसा. चांगली आहे." मग माझं नाव न विचारता त्यांनी कंपनी विचारली. मी सांगितली. "म्हणजे तुम्ही माझ्या टेबलावर बसता," ते म्हणाले.

ते खरं निघालं. आदल्याच वर्षी ते आमच्या विभागातून निवृत्त झाले होते. मोटारीच्या आतले प्लॅस्टिकचे भाग घडवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. "तू गाडीत कॉफीचा कप जिथे ठेवतोस ना, ती जागा मी केली आहे," असं ते कुणालाही सांगत. बढाई म्हणून नव्हे, घरचा पत्ता सांगावा तसं. त्यांचं दुसरं एक वाक्य आमच्या ऑफिसात अजून ऐकू येतं, तेही त्यांच्या सुरात: "धातू गंजतो, लाकूड कुजतं, माणूस बदलतो. प्लॅस्टिक दिलेला शब्द पाळतं."

मी तेव्हा एकटा राहत होतो, नागपूरहून येऊन फार दिवस झाले नव्हते. दुसऱ्या भेटीत काका मला 'अरे समीर' म्हणू लागले आणि तिसऱ्या भेटीत रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरून गेलं. शालिनी काकू मंडळाच्या मराठी शाळेत मुलांना श्लोक आणि रामरक्षा शिकवत. मुलं इंग्रजीत शंका विचारत, काकू मराठीत उत्तरं देत आणि दोघांचंही समाधान होत असे. मुलगा निखिल टेक्ससमध्ये, प्लेनोला. त्याने तिथे मोठं घर घेतलं होतं आणि खालच्या मजल्यावरची एक खोली आईवडिलांसाठी रिकामी ठेवली होती. "घर विकायचं आणि जायचं," काका म्हणत. "हिची थंडी संपेल, माझं बर्फ काढणं संपेल."

त्याच हिवाळ्यात काकूंना नागीण झाली. अंगावरचे फोड महिन्याभरात गेले, पण दुखणं गेलं नाही. डाव्या बाजूच्या बरगडीवर एक पट्टा असा राहिला की तिथे ब्लाऊजचं कापड लागलं तरी आग होई. गोळ्या झाल्या, चिकटवायच्या पट्ट्या झाल्या. एका गोळीने इतकी गरगर आली की काकू स्वयंपाकघरात पडल्या. झोप तर गेलीच. शेवटी डॉक्टर म्हणाले की काही रुग्णांना गांजाने आराम पडतो, खात्री मात्र देता येत नाही. मिशिगनमध्ये ते कायदेशीर आहे, विचार करून बघा.

काकूंनी विचार केला नाही. "मी रामरक्षा शिकवते," त्या म्हणाल्या.

"रामरक्षेत कुठे लिहिलंय घेऊ नये म्हणून?" काकांनी विचारलं.

"लिहिलेलं नाही, कारण असं कुणी विचारेल असं वाटलं नसेल."

मी ताटावर होतो. मी वरणभाताकडे पाहत राहिलो.

काकूंचं मत फिरलं ते निखिलची मुलगी आली तेव्हा. नात धावत येऊन बिलगली आणि काकूंनी तिला झटकन बाजूला केलं. तिच्या फ्रॉकची कडा नेमकी त्या पट्ट्यावर घासली होती. पोरगी घाबरून तिच्या आईकडे गेली आणि मग चार दिवस आजीजवळ आली नाही. सगळे प्लेनोला परतल्यावर काकू काकांना म्हणाल्या, "आणा काय आणायचं ते. पण दुकानात मी येणार नाही. पार्किंगमध्ये आपली गाडी कुणी ओळखली तर?"

काकांनाही दुकान नकोच होतं. "ज्या वस्तूचा साचा मी पाहिलेला नाही, ती मी हिच्या पोटात जाऊ देणार नाही," असं त्यांनी मला सांगितलं. त्यांनी कायदा वाचला. घरात ठराविक झाडं लावायला परवानगी होती, रस्त्यावरून दिसता कामा नयेत आणि खोलीला कुलूप हवं. काकांनी तळघरातल्या खोलीला दोन कुलपं लावली. आत काळ्या कापडाचा तंबू, वर दिवा, पंखा, आणि कुंड्या अर्थातच प्लॅस्टिकच्या. कुंड्या त्यांच्या जुन्या कारखान्यातल्या बादल्यांपासून केलेल्या होत्या. ते पीक म्हणत, गांजा म्हणत नसत. "पीक बघायला ये," त्यांचा फोन आला.

मी गेलो आणि तळघराचा जिना उतरू लागलो, तर शेवटच्या पायरीवर त्यांनी मला हाताने थांबवलं. "तिथेच उभा राहा. हे राज्याच्या कायद्यात बसतं, देशाच्या कायद्यात बसत नाही. मी इथला नागरिक आहे, तू नाहीस. तुझं ग्रीन कार्ड यायचंय."

"काका, मी नुसता बघणार आहे."

"बघ. पायरीवरून दिसतं."

पुढची दोन वर्षं मी ती शेती पायरीवरून पाहिली. एकदाही त्यांनी मला खाली येऊ दिलं नाही, मातीची पिशवीसुद्धा उचलू दिली नाही. त्यांच्या पाठीत उसण भरली होती तेव्हाही नाही.

पहिलं पीक फसलं. रोपं हातभर वाढली, मग खालची पानं पिवळी पडू लागली. काकांनी पाणी वाढवलं. पानं आणखी पडली. पाणी कमी केलं, तर शेंडे माना टाकू लागले. मातीतून बारीक माश्या उठायला लागल्या. काकांनी एक रोप बादलीतून उपटून पाहिलं. मुळं बादलीच्या भिंतीला लागून गोल गोल फिरली होती, वेढ्यावर वेढा, आणि बुडाशी जिथे पाणी साचत होतं तिथे काळी पडून कुजली होती. त्यांनी तो गोळा मला दुरून दाखवला. "माती वाईट," ते म्हणाले.

माती आणायला गेले, त्या दुकानातल्या मुलीने सांगितलं की माती ठीक आहे, कुंडी बदला. तिच्याकडे जाड घोंगडीसारख्या कापडाच्या कुंड्या होत्या, दोन कानांच्या, रिकाम्या असल्या की घडी करून ठेवता येणाऱ्या. काकांनी एक कुंडी हातात घेतली. सवयीने उलटी केली. खाली कसलाच ठिपका नव्हता, नुसती शिवण होती. ती त्यांनी परत ठेवली आणि घरी येऊन मला सांगितलं, "ज्यातून पाणी गळतं त्याला भांडं म्हणत नाहीत. त्याला गाळणं म्हणतात."

"गोणीच की ती," काकू वरून म्हणाल्या. त्या तेव्हा अजून तळघरात पाऊल टाकत नव्हत्या, पण ऐकत सगळं.

मग काकांनी स्वतःच कुंडी घडवायला घेतली. अनेक रविवार त्यात गेले. बादलीच्या बुडाला भोकं होतीच, त्यांनी बाजूलाही पाडली. मुळांना हवा लागली पाहिजे हे त्यांना पटलं होतं. भोकं वाढवली, मुळं थोडी सुधारली. आणखी वाढवली, आणखी सुधारली. ड्रिलच्या आवाजाने काकू घरी होणारा रामरक्षेचा वर्गही मंडळाच्या हॉलमध्ये घेऊ लागल्या. एका रविवारी काकांनी नवी बादली उचलून मला दाखवली. तिच्यात भोकंच जास्त होती, बादली कमी.

मी म्हणालो, "काका, अजून थोडी पाडलीत तर कापडच होईल."

मला वाटलं ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी बादली दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ पाहिली. "मुद्दा आहे," ते म्हणाले आणि ड्रिलची वायर गुंडाळायला लागले.

नंतर त्यांनी जे केलं ते मी ऑफिसात फार थोड्यांना करताना पाहिलंय. त्यांनी स्वतःच्या विरुद्ध प्रामाणिक परीक्षा घेतली. एकाच झाडाची कलमं, एकच माती, एकच दिवा. दोन रोपं त्यांच्या बादल्यांत, दोन दुकानातल्या कापडी कुंड्यांत. कुठल्या बाजूला पंख्याचा वारा जास्त लागतो म्हणून आठवड्याला जागा बदलायची. कापडी कुंड्या लवकर सुकायच्या, त्यांना पाणी जास्त वेळा लागायचं, खाली ताटल्या ठेवाव्या लागायच्या. बाहेरून पांढरे डाग पडायचे. काका या सगळ्या तक्रारी मोठ्याने करत, पण पाणी दोघींना त्यांच्या त्यांच्या तहानेप्रमाणे घालत. "प्रतिवादीला वकील द्यावाच लागतो," ते म्हणत.

कापडातली रोपं रुंद झाली, बादलीतली उंच होऊन रेलली. पीक काढल्यावर काकांनी चारही कुंड्या रिकाम्या केल्या. कापडी कुंडीतला गोळा त्यांनी सुरीने मधोमध कापला. मुळं कडेपर्यंत पोचून तिथेच थांबली होती. हवा लागून टोकं वाळली होती आणि मागून बारीक बारीक फाटे फुटले होते, सगळ्या मातीभर. वेढा एकही नव्हता. काका खाली बसून ते पाहत होते, मी पायरीवर.

"भिंत दिसली की मूळ भिंतीचा नाद धरतं," ते म्हणाले. "इथे त्याला कळतं की पुढे काही नाही. मग ते परत येऊन काम करतं."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बादल्या पुनर्वापराच्या गाडीसाठी रस्त्यावर ठेवल्या. चेहरा असा, की जणू शेजाऱ्याच्या बादल्या होत्या.

त्या पिकातून थोडं थोडं तुपात मुरवून काकूंचं औषध झालं. डॉक्टरांना विचारून, चिमूटभरापासून सुरुवात करून. तुपाची बरणी कपाटात कुलुपात, वर काकांच्या अक्षरात 'औषध. पोळीला लावू नये.' काकूंनी पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही म्हणून सांगितलं. नंतर एका रविवारी मी गेलो, तर दार काकांनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. भर दुपारी काकू सोफ्यावर गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. काका आणि मी स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवलो, ताटांचा आवाज न करता. काकू उठल्यावर मी त्यांना विचारलं, दुखणं गेलं का. "गेलं नाही," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या खोलीत जाऊन बसलंय."

उन्हाळ्यात निखिल घर विकायची बोलणी करायला आला. मी विमानतळावरून त्याला आणलं होतं, म्हणून मीही तिथेच होतो. तळघराच्या दाराशी तो थबकला.

"बाबा, व्हॉट इज दॅट स्मेल?"

"शेती," काका म्हणाले आणि किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

तो खाली जाऊन वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा, धिस इज क्रेझी. टेक्ससमध्ये एक झाड सापडलं तरी जेल आहे."

"म्हणून टेक्ससला येत नाही."

"मी खोली ठेवलीये तुमच्यासाठी. दोन वर्षं झाली. आई, यू टेल हिम."

काकू म्हणाल्या, "निखिल, मला सांग, तुझ्या त्या खोलीत मी रात्रभर काय करू?"

"देअर आर अदर मेडिसिन्स, आई."

"घेतली सगळी. एकीने पडले. तुला सांगितलं नव्हतं."

निखिल खुर्चीवर बसला. काका गॅरेजमध्ये निघून गेले. मला माहीत होतं की नातीजवळ राहायची हौस काकूंपेक्षा त्यांना जास्त होती. तिच्यासाठी त्यांनी तिथल्या अंगणात बसवायच्या झोपाळ्याचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं. ते परत आले तेव्हा डोळे लाल होते. "धूळ फार आहे तिथे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतल्या मातीच्या पिशव्या निखिलने एकट्याने खाली नेऊन ठेवल्या. तो नागरिक होता, त्याला चालत होतं. घराची बोलणी पुन्हा निघाली नाहीत.

काका पुढच्या मार्च महिन्यात गेले. जेवून उठले, छातीत कसंसं होतंय म्हणाले आणि रुग्णालयात पोचायच्या आत संपलं. शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. मंडळाच्या अध्यक्षांनी काका शिस्तप्रिय होते असं सांगितलं. अध्यक्ष सगळ्यांबद्दल हेच सांगत. निखिल इंग्रजीत बोलला, वडिलांच्या कामाबद्दल, कुणाकुणाच्या गाड्यांमध्ये त्यांनी केलेले भाग आहेत त्याबद्दल. मी टेबलाची गोष्ट सांगितली. मग काकू उठल्या. त्या बोलणार आहेत हे ठरलेलं नव्हतं.

"सगळे यांच्या नोकरीबद्दल बोललात, ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एक राहिलं. नागिणीनंतर मला झोप येत नव्हती. यांनी तळघरात माझ्यासाठी गांजा लावला. कायद्यात बसतो. पहिल्यांदा जमला नाही, नंतर जमला. मला झोप यायला लागली. तेवढंच सांगायचं होतं." आणि त्या बसल्या.

पहिल्या रांगेत रामरक्षेच्या वर्गातली मुलं बसली होती, त्यांचे आईवडील त्यांच्यामागे. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

चहाच्या टेबलापाशी भजनी मंडळ चालवणाऱ्या पाटणकर काकू हळूहळू सरकत जवळ आल्या. मी कप भरत होतो. "शालिनीताई," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या यांच्या तळपायांची फार आग होते. शुगरमुळे. रात्र रात्र बसून असतात."

"आधी डॉक्टरांना विचारा," काकू म्हणाल्या.

"विचारलंय. नंतर मग... कुंड्या कुठल्या घ्यायच्या?"

"कापडी घ्या. प्लॅस्टिकच्या घेऊ नका, मुळं कुजतात."

"अगंबाई. पण भाऊजी तर जन्मभर प्लॅस्टिकमध्येच होते ना?"

"हो ना," काकू म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं."