द्वारा चर्च, मुलुंड

"सोडा आधी! फाटलं तर दोघांनाही कोर्टात उभं करीन!"

मी ओरडले तेव्हा माझ्या काउंटरवर दोन वयस्कर गृहस्थांनी एका खाकी पाकिटाची दोन टोकं धरली होती. एक अमोलिक गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, चर्चचे सेक्रेटरी. दुसरे साळवे पाळक. पाळक म्हणजे त्या लोकांचे धर्मगुरू. दोघंही एरवी इतके सभ्य की एका स्टॅम्पासाठी दोनदा थँक्यू म्हणायचे. त्या दिवशी मात्र एकमेकांची कॉलर धरायचंच बाकी होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. मी मुलुंडच्या एका लहानशा पोस्टात सब-पोस्टमास्तर होते. चर्चचं नाव लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं अजून मुलुंडात आहेत, आणि मीही इथेच भाजी आणायला जाते.

नगर जिल्ह्यातून इथल्या कारखान्यांत कामाला आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं, त्यांची ती मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय. साळवे पाळकांची बदली झाली, नवे पाळक आले. निम्म्या लोकांनी बदली मानलीच नाही. ते साळव्यांबरोबर बाहेर पडले आणि दोन गल्ल्या सोडून एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना करू लागले. अमोलिक गुरुजी चर्चच्या इमारतीतच राहिले. दोन्ही ठिकाणी बोर्ड एकाच नावाचा. दोघांचंही म्हणणं, खरी मंडळी आम्हीच. मग त्या नावाने आलेलं टपाल कोणाचं?

मी वरच्या साहेबांना फोन लावला.

"बाई, पोस्ट म्हणजे कोर्ट नाही," साहेब म्हणाले. "दोघांनी मिळून लिहून द्यावं, नाहीतर कोर्टाचा कागद आणावा. तोवर कोणालाच देऊ नका. ठेवून द्या."

नियम तसाच होता. एका नावावर दोघांनी हक्क सांगितला की ते टपाल अडकवून ठेवायचं. मी खाकी पाकीट कपाटात टाकलं, कुलूप लावलं आणि आमच्या पोस्टमनला, परबांना सांगितलं, "चर्चचा पत्ता दिसला की बाहेर न्यायचं नाही. माझ्याकडे द्यायचं."

परब मालवणकडचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी मान वाकडी केली. "बाई, सगळा?"

"सगळं. परब, डोकं खाऊ नका हो."

अकरा आठवडे कसे शांत गेले म्हणून सांगू! काउंटरवरची कटकट संपली. साहेबांनीही फोनवर शाबासकी दिली. मी स्वतःवर खूष होते.

त्याच दिवसांत एक म्हातारी खिडकीवर यायला लागली. सगुणाबाई गायकवाड. रेल्वेलाइनीजवळच्या झोपडपट्टीत राहायच्या, एका नर्सिंग होममध्ये आया होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, माझ्या पोराचं पत्र आलंय का वं? मस्कतला असतो. शमुवेल."

"पत्ता काय घालतो?"

"चर्चचा."

"मग आजी, चर्चमध्ये विचारा ना."

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "चर्चात गुरुजी म्हन्त्यात पोस्टात हाय. हॉलात पाळक म्हन्त्यात पोस्टात हाय."

"चर्चचं टपाल बंद आहे सध्या. वाद मिटला की मिळेल," मी म्हणाले, आणि पुढच्या माणसाची मनीऑर्डर घ्यायला लागले. हे लिहिताना हात थांबतो, पण म्हणाले खरी.

तिसऱ्यांदा त्या आल्या आणि काही विचारलंच नाही. खिडकीच्या बाजूला नुसत्या उभ्या राहिल्या. अर्धा तास. मला राग आला. मी बाहेर आले आणि म्हटलं, "आजी, उभं राहून पत्र येतं का?"

"न्हाई बाई. पर चार वर्सं झाली त्याचं त्वांड बघून. हितं असलं की वाटतं, जवळ हाय कुठंतरी."

मी आत गेले आणि कपाट उघडलं. खाकी पाकिटं जेमतेम सहा-सात. बाकीचा गठ्ठा सगळा पोस्टकार्डांचा, इनलँडांचा आणि परदेशातून विमानाने येणाऱ्या एरोग्रॅम-पत्रांचा. मी एकेक काढून नाव वाचू लागले. सुशीला भोसले, द्वारा चर्च. दानियल पवार, द्वारा चर्च. मधोमध निळा एरोग्रॅम: सगुणाबाई गायकवाड, द्वारा चर्च, मुलुंड. आमच्या शिक्क्यावरची तारीख नऊ आठवड्यांपूर्वीची.

"परब! हे काय आहे?"

"बाई, तुमका ठावक नाय?" परब म्हणाले. "लाइनीतल्या घरांक नंबर खंय असत? सगळे चर्चचोच पत्तो देतत. रविवारी उपासना सुटली की पाळक एकेकाचा नाव पुकारून पत्रां वाटत. म्हणान तर दोघांकय टपाल आपल्याच हातात होया. जेच्याकडे पत्रां, तेच्याकडे माणसां जातली. मी इचारलंय ना तुमका, सगळा काय म्हणान."

विचारलं होतं. मीच त्यांना गप्प केलं होतं.

सगुणाबाईंना आत बोलावून स्टुलावर बसवलं. एरोग्रॅम हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला, वास घेतला आणि परत माझ्या हातात दिला. "वाचा. मला कुठं येतंय?"

मी वाचला. शमुवेलने लिहिलं होतं: आई, सलाम. इथलं काम संपत आलंय. कंपनी म्हणते अजून दोन वर्षांची सही कर. मला घरची फार आठवण येते. तू ये म्हणालीस तर मी येतो. पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत तुझ्या उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं नाही तर समजेन की तुझं नीट चाललंय, आणि सही करीन.

तो महिना संपून पाच आठवडे झाले होते.

"तार करू का? आत्ताच करते," मी म्हणाले.

"आता सही झाली आसंल," सगुणाबाई म्हणाल्या. रडल्या नाहीत, मला एक शब्द बोलल्या नाहीत. एरोग्रॅम पदरात बांधला आणि ड्युटीला निघून गेल्या. त्या मला चार शिव्या घालत्या तर बरं झालं असतं. तरी मी त्याच दिवशी तार केली. तारेचं उत्तर दोन दिवसांनी आलं: सही झाली.

गुरुजी आणि पाळक, दोघांनाही मी निरोप धाडून बोलावलं. आले आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. मी गठ्ठा काउंटरवर आपटला.

"यात एक तरी पत्र तुमच्या नावाचं आहे का? पहिली ओळ वाचा."

"पण पत्ता चर्चचा आहे," गुरुजी म्हणाले.

"द्वारा म्हणजे मार्फत, गुरुजी. पत्र ज्याचं नाव वर त्याचं. हे मला आधी कळायला हवं होतं, ती चूक माझी. पण तुम्हाला तर ठाऊक होतं! सगुणाबाईंच्या पोराचं पत्र नऊ आठवडे इथे पडून होतं, आणि तुम्ही दोघं त्या बाईला इकडून तिकडे पळवत होतात!"

दोघंही एकदम मऊ झाले. साळवे पाळक हळूच म्हणाले, "सगुणाबाईंची पत्रं मीच वाचून दाखवायचो."

"आणि उत्तर मी लिहायचो," गुरुजी म्हणाले. मग कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा त्यांनी पाळकांकडे पाहिलं. "तुम्ही वाचायचा आणि लगेच मी लिहायचो. रविवारी, पिंपळाखाली बसून."

"हो," पाळक म्हणाले.

समेट वगैरे झाला नाही, उगाच गोड करून सांगत नाही. एका कागदावर दोघांनी सह्या केल्या, तेवढंच: माणसांच्या नावाची पत्रं शनिवारी दुपारी पोस्टाच्या खिडकीवर ज्याची त्याला मिळतील, दोन्ही पक्षांची हरकत नाही. चर्चच्या नावाची खाकी पाकिटं कपाटातच राहिली. कोर्टाचा निकाल लागायच्या आत माझी बदली झाली.

पहिल्या शनिवारी रांग फाटकाबाहेर गेली. चर्चवाले आणि हॉलवाले एकाच रांगेत. आधी सगळे चपला बघत उभे. मग परबांनी मोठ्या आवाजात नावं पुकारायला सुरुवात केली. "सुशीला भोसले!" रांगेच्या मागच्या टोकाकडून तिची सख्खी बहीण ओरडली, "सुशे, आईचं हाय का गं?" दोघी वेगवेगळ्या पक्षांत, सहा महिने बोलल्या नव्हत्या. पत्र उघडायच्या आधी दोघी रडायला लागल्या. मी गुपचूप आत जाऊन रजिस्टर उघडून बसले. अक्षरं दिसत नव्हती.

सगुणाबाई सगळ्यात शेवटी आल्या. हातात कोरा एरोग्रॅम. "तुमीच लिवा बाई. गुरुजींकडं गेलं की पाळक रुसत्यात, पाळकांकडं गेलं की गुरुजी."

मी पेन घेतलं.

"लिवा. सलाम बाळा. तुझं पत्र मिळालं. सही केलीस ते चांगलं केलंस. माझं बरं चाललंय."

"पोस्टाच्या चुकीने पत्र उशिरा मिळालं, असं लिहू?"

"नगं. त्याच्या जिवाला घोर लागंल."

"आजी, चूक माझी आहे. लिहू दे मला."

"पत्र माझं हाय का तुमचं?"

लिहून झालं. त्या म्हणाल्या, वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, खिडकीबाहेर पाहिलं. मी गोंद लावायला घेतला तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"खाली एक वळ टाका. ये म्हनावं. उत्तर आलं न्हाई तरी ये म्हनावं. कवाबी इचारायचं न्हाई, नुसतं यायचं."

मी लिहिलं.

शमुवेल दोन वर्षांनी करार संपल्यावर आला. कंपनीने त्याआधी सोडलं नाही. तोवर सगुणाबाई दर शनिवारी यायच्या, मी वाचायचे, मी लिहायचे.

पोस्टात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवतात: आधी नाव वाचा, मग पत्ता. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर मी पत्ता आधी वाचला. मला साधा मेमोसुद्धा आला नाही. शिक्षा दोन वर्षांची झाली, ती सगुणाबाईंनी भोगली.