लग्नालाही, शाळेलाही

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. एका खोलीत सहा शिक्षक, एक माठ आणि दुपारची मोठी सुट्टी एवढं असलं की ते आपोआप साठत जातात. कुरकुंभच्या अलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नव्वदच्या दशकातली नऊ वर्षं काढली. आम्ही पाच बाया आणि एक हेडमास्तर. मुलांना काय शिकवलं ते फारसं आठवत नाही, पण कोण कोणाच्या लग्नाला काय नेसून गेलं ते आजही वारासकट सांगेन!

कारण आमच्या स्टाफचा एक अलिखित कायदा होता. लग्नासाठी घेतलेली साडी पुढे शाळेतही चालली पाहिजे. नुसती लग्नापुरती साडी घेणारी बाई म्हणजे उधळी! पगार चालू, नवरे नोकरीला, तरी साडी घेताना आम्ही सगळ्या जन्माच्या दरिद्री.

कांबळेबाई तेवढ्या या भानगडीत नसायच्या. आमच्या प्रत्येकीच्या घरच्या लग्नाला त्या यायच्या आणि पंगतीला बसून पोटभर जेवून जायच्या. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला मात्र आमच्यातलं कोणी गेलं नाही. कारण काय, तर पाचवारीपासून सफारीपर्यंत कोणाकडेच त्या दिवशी घालण्यासारखं काही नव्हतं! खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरचं जेवायला लागलं असतं.

* * *

कायद्याच्या कर्त्या शितोळेबाई. माहेर पाटसचं, घरचा ऊस, आणि हात असा आखडता की खडूसुद्धा मोडून अर्धा वापरायच्या.

एकदा भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला मला सोबत घेऊन दौंडला गेल्या. दुकानातल्या शेठला म्हणाल्या, "लग्नात उठून दिसली पाहिजे, आन् शाळेत दिसता कामा नये."

"बाई, मग दोन घ्या."

"दोन घ्यायच्या असत्या तर इचारलं असतं का?"

तीन तास झाले. गादीवर साड्यांचा ढीग झाला. शेवटी एक राखाडी साडी त्यांना पसंत पडली. पसंत म्हणजे, त्यांनी पर्समधून खडू काढला आणि पदरावर चर्रकन एक रेघ ओढली! भुकटी दिसते का ते बघायला!

शेठ आतल्या माणसाला ओरडला, "आरं, बाईंसाठी फळा आन रं, डस्टर बी आन!"

साडी बाईंनी घेतली नाही. म्हणाल्या, "आधीच खडू लागलेली कोण घेतंय?"

* * *

हेडमास्तरांचं तत्त्व आणखी उच्च. मेव्हण्याच्या लग्नासाठी त्यांनी चॉकलेटी सफारी शिवला, चार खिशांचा. "लग्न, मीटिंग, तपासणी, सगळ्याला एकच," असं छाती काढून सांगायचे. धुवायचाही एकदाच, वर्षातून!

माघातलं एक लग्न उरकून दुसऱ्याच दिवशी ते त्याच सफारीत शाळेत आले. नेमके विस्तार अधिकारी तपासणीला. सर स्वागताला धावले, घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला आणि झटकला. आदल्या दिवशीच्या मूठभर अक्षता थेट साहेबांच्या डोक्यावर!

सगळी शाळा रांगेत उभी. साहेबांनी शांतपणे केसातला तांदूळ काढला.

"मास्तर, माझं झालंय. दोन पोरं हायत."

* * *

आता मी दुसऱ्यांना हसते, तर माझंही सांगते. मोरपंखी साडी मी एका मोसमात तीन लग्नांना नेसले. वेगवेगळी गावं, वेगवेगळे पाहुणे, कोणाला कळतंय! पण त्या वर्षी आमच्या भागात व्हिडिओ शूटिंगवाला एकच होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या लग्नात मी नवरीशेजारी उभी राहिले. दिवा पेटला. कॅमेऱ्यामागून तो म्हणाला, "मोरपंखीवाल्या ताई, तुम्ही आधीच्या दोन कॅसेटात आल्यात. आता जरा दुसऱ्यांना येऊ द्या."

नवरीसुद्धा हसली. मी ती साडी तीन वर्षं ट्रंकेतून काढली नाही. कायद्याप्रमाणे ती शाळेत नेसायला हवी होती, पण तेवढी हिंमत कुठली!

* * *

मग एप्रिलात कांबळेबाईंनी धाकट्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या. प्रत्येकाच्या हातात पत्रिका देऊन म्हणाल्या, "हे माझ्या घरातलं शेवटचं कार्य हाय. थोरलीच्या येळेला तुमच्यासाठी काढलेली पंगत रिकामी ऱ्हायली. ह्या बारीला जेवायलाच यायचं."

त्या वर्गावर गेल्या आणि स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली.

शितोळेबाई म्हणाल्या, "त्यांच्यात लग्नाला पांढरं नेसत्यात म्हणं. आपण पांढरी घेऊन परत कुठं मिरवायची?"

झालं, कारण सापडलं! हेडमास्तरांनी मान हलवली, मीही हलवली. तेवढ्यात कांबळेबाई हजेरीपट न्यायला परत आल्या. दारातच उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे.

"पांढरं नवरा-नवरीला असतंय, बाई. तुम्ही काय बी नेसा," त्या म्हणाल्या. "आन् घ्यायचीच असली पांढरी, तर पंधरा ऑगस्ट हाय की. सव्वीस जानेवारी हाय."

आमच्याच कायद्यात आम्हाला धरलं! आता न जायला तोंडच राहिलं नाही. पण आमची जात बघा. पहिलं वाक्य कोणीच ऐकलं नाही, दुसरं मात्र सगळ्यांनी ऐकलं. वर्षातून दोन झेंडे, शिवाय एक मे! आम्ही चौघी त्याच शनिवारी दौंडला त्याच शेठकडे हजर.

चार पांढऱ्या साड्या एकदम मागितल्यावर शेठनं आवाज खाली आणला.

"कोण गेलं, बाई?"

* * *

लग्न दौंडलाच, मे महिन्यात. मांडवात शिरलो आणि आमची पाचावर धारण बसली. लाल, जांभळ्या, पोपटी, जरीच्या, साड्यांची नुसती झुंबड! पांढऱ्या कपड्यात फक्त नवरा आणि नवरी. आणि आम्ही चौघी. आणि पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी घातलेले आमचे हेडमास्तर. पाचही जण एका रांगेत उभे.

एक म्हातारे आबा काठी टेकत आमच्यापाशी आले. खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, झेंडा कुठं लावायचाय?"

त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, टाळ्या झाल्या. वेळेच्या वेळी लग्न लागलं, हे आमच्याकडे कधी बघितलं नव्हतं. कांबळेबाई हिरव्या रेशमी साडीत नुसत्या धावत होत्या, पण मध्येच वळून आम्ही जागेवर आहोत ना, ते बघत होत्या. पंगतीत त्यांनी आमच्यासाठी पाच पाट मांडले होते. बाकी सगळे सतरंजीवर, आम्हाला पाट! पत्रावळीवर बुंदी, भात, वांग्या-बटाट्याची भाजी वाढलेली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हेडमास्तर घड्याळ बघू लागले. शितोळेबाईंनी मला कोपरानं ढोसलं. आणि मी, जिच्या मुलीच्या बारशाला कांबळेबाई भर पावसात पाळणा घेऊन आल्या होत्या, ती मी पुढे झाले आणि बोलले. आजही त्या वाक्याची लाज वाटते.

"बाई, जेवलो असतो हो. पण पांढऱ्या साड्या हायत. डाग पडला तर पंधरा ऑगस्टला काय नेसायचं?"

कांबळेबाई आमटीची बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. पळी बादलीत बुडवली, भरून वर काढली आणि माझ्या निऱ्यांवर सावकाश ओतली. हळदीची पिवळीजर्द आमटी पार काठापर्यंत ओघळत गेली. पंगतीतला घास हातातच राहिला सगळ्यांचा.

"पडला डाग," त्या म्हणाल्या. "बसा आता."

मी बसले.

मग त्यांनी पळी पुन्हा भरली आणि शितोळेबाईंकडे वळल्या.

"बाई, तुम्हाला कुठं वाढू? साडीवर, का पत्रावळीवर?"