हजेरीतली जास्तीची नावं

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जपानमध्ये कावासाकीला राहत होतो. आम्ही अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. मुलगी घरातही जपानीत बोलायला लागली, तेव्हा मला धास्ती वाटली, की आपल्या हिब्रू प्रार्थना हिच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत. म्हणून दर रविवारी मी तिला टोकियोच्या सिनेगॉगमधल्या हिब्रूच्या वर्गाला नेऊ लागले.

वर्गात पाचच मुलं होती. शिकवणाऱ्या बाई पोलंडच्या, सत्तरीच्या. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या संहारातून त्यांच्या घरातल्या त्या एकट्याच वाचल्या होत्या. त्या पाच मुलांची हजेरी घेत, वही मिटत, आणि मग आणखी बरीच नावं पाठ म्हणत. प्रत्येक नावानंतर थोडं थांबत. मी मागच्या बाकावर बसून ऐकत असे.

एकदा अशाच एका नावाला माझी मुलगी, जपानी शाळेत हजेरी देतात तशी, "हाय", म्हणजे "हजर", म्हणाली.

बाईंनी पुढचं नाव घेतलं नाही. त्या तिच्याजवळ येऊन बसल्या. "ती शाळेत माझ्या शेजारी बसायची," त्या म्हणाल्या. "तिला नेलं, तेव्हा मी तिथे नव्हते. तिच्या वतीने तू उत्तर देऊ नकोस, बाळ. तू फक्त तुझं दे."

मग त्यांनी नेहमीसारखी अक्षरं गिरवून घेतली.

परतताना ट्रेनमध्ये मुलीने विचारलं, "आई, ती माझ्याएवढी होती का?"

मला माहीत नव्हतं. पुढे तीन वर्षं मुलगी त्या वर्गाला गेली, हिब्रू वाचायला शिकली. पण बाईंना ते विचारायचा धीर मला कधीच झाला नाही.